१.६० डॉलर दिसतात, ०.३८ हातात येतात: हाईव्हवरच्या नवख्यांचा हिशेब

मुलुंडहून एका ताईंनी विचारलं आहे. दीड महिन्यात हाईव्हवर, म्हणजे वाचकांच्या व्होटवरून लेखकांना क्रिप्टो नाणी देणाऱ्या ब्लॉगिंगच्या ब्लॉकचेनवर (साखळीवर), १९ पोस्ट टाकल्या, मराठीत लेख आणि खाली इंग्रजी सारांश. सगळ्यात चाललेल्या पोस्टखाली १.६० डॉलर दिसत होते, खात्यात त्याचा पाव हिस्साही आला नाही. चार पोस्टना शून्य. दिवसभरात सहा-सात कमेंट केल्या की ‘रिसोर्स क्रेडिट संपले’ असा निरोप येतो. उकडीच्या मोदकांच्या पोस्टवर कुणीतरी डाउनव्होट, म्हणजे कमाई घटवणारा उलटा व्होट, मारला. वर दिराचं म्हणणं, हे सगळं बोगस आहे, त्यापेक्षा रील काढ. तर लेखन वाईट आहे की प्लॅटफॉर्म?

दोन्ही नाही. हिशेब कुणी नीट समजावलेला नाही, एवढंच. तो आधी करू, म्हणजे निम्मा राग तिथेच उतरेल.

पोस्टखाली दिसणारा आकडा एकट्या लेखकाचा नसतो. त्यातला अर्धा भाग त्या पोस्टला व्होट देणाऱ्यांचा, म्हणजे क्युरेटरांचा. १.६० मधले ०.८० तिथे गेले. उरलेल्या ०.८० मधून तुम्ही ज्या अॅपवरून पोस्ट केलीत त्याने ‘बेनिफिशियरी’ म्हणून काही टक्के ठेवले असतील तर ते वजा होतात. ५ टक्के धरले तर ०.०४. राहिले ०.७६. त्याचे पुन्हा दोन भाग: अर्धे एचबीडीत, म्हणजे डॉलरला बांधलेल्या नाण्यात, आणि अर्धे हाईव्ह पॉवरमध्ये, म्हणजे खात्यात अडकवलेल्या हाईव्ह नाण्यांत, ज्यांवर तुमच्या व्होटचं वजन ठरतं आणि जी लगेच काढता येत नाहीत. हातात येण्याजोगे उरले ०.३८. अलीकडच्या डॉलरच्या भावाने फार तर दोन वडापाव. मधले पैसे कुणी खाल्ले नाहीत, हातात येण्याजोगा हिस्साच मुळात पावाहून किंचित कमी होता. आकड्यावर क्लिक केलंत की ही फोड दिसते. बेनिफिशियरीची टक्केवारी पोस्ट टाकण्यापूर्वीच्या सेटिंगमध्ये असते, ती प्रत्येक वेळी बघून घ्या.

आणखी एक गोष्ट जवळपास प्रत्येक नवखा विसरतो. सात दिवसांनी पैसे ठरतात, पण आपोआप पाकिटात पडत नाहीत. वॉलेटमध्ये जाऊन ‘क्लेम’चं बटण दाबावं लागतं. कधीच दाबलं नसेल तर तुमची दीड महिन्याची कमाई तिथे शाबूत पडून असेल. आजच बघा.

सात दिवसांत आकडा वरखाली होतो, त्याचाही धसका नको. तो हाईव्हच्या साडेतीन दिवसांच्या मध्यम भावावर मोजला जातो. भाव घसरला की कुणीही व्होट काढून न घेता १.६० चे १.४५ होतात.

आता चार शून्यांबद्दल. पोस्टची एकूण रक्कम ०.०२ डॉलरच्या खाली राहिली तर कुणालाच काही मिळत नाही, ना लेखकाला ना क्युरेटरला. म्हणून सहा दिवस ०.०१ दिसतं आणि सातव्या दिवशी साफ शून्य होतं. हे तुमच्याविरुद्धचं कारस्थान नाही. दमडीदमडीच्या लाखो नोंदींचा भार साखळीवर पडू नये म्हणून ठेवलेली चाळणी आहे. व्होटलाही तशीच चाळणी आहे: प्रत्येक व्होटच्या वजनातून एक ठरावीक किमान वजन वजा होतं. जेमतेम २० हाईव्ह पॉवर असलेल्याने ५ टक्क्यांचा व्होट दिला तर वजाबाकीनंतर हाती काही उरत नाही. मैत्रिणींना खाती उघडायला लावून दहा-बारा व्होट गोळा केले तरी आकडा हलत नाही, याचं कारण हेच.

हे पैसे मुळात येतात कुठून, ते ठाऊक नसेल तर पुढचं काहीच पटणार नाही. इथे जाहिराती नाहीत, वाचकांची वर्गणी नाही. नवी नाणी पाडली जातात. वार्षिक ९.५ टक्क्यांपासून सुरू झालेला हा दर हळूहळू उतरत ०.९५ टक्क्यांवर जाऊन थांबणार आहे. नव्या नाण्यांतले ६५ टक्के लेखक आणि क्युरेटरांच्या सामाईक गंगाजळीत जातात, आणि तिचं वाटप व्होटने होतं. पण हे मतदान आपल्या हाउसिंग सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखं नाही. सोसायटीत वन-आरके वाल्याचंही एक मत आणि टेरेस फ्लॅटवाल्याचंही एकच. इथे ज्याचं कार्पेट एरिया मोठं, त्याचं मत तितकं जड. २०,००० हाईव्ह पॉवरवाल्याचा एक व्होट २० वाल्यांच्या हजार व्होटांइतका. म्हणून तुमची पोस्ट किती जणांनी वाचली याला कमाईच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. वजन असलेल्या मोजक्या माणसांनी वाचली का, हा खरा प्रश्न आहे. हे न्याय्य आहे का यावर वाद घालता येईल, आणि मला विचाराल तर नव्या लेखकावर यात अन्याय होतोच. पण नियम उघड आहे. मोबाइलवरच्या ज्या अॅपांचा अल्गोरिदम कुणालाच दिसत नाही, त्यांच्यापेक्षा एवढं तरी बरं.

यूट्यूबवर ‘एका पोस्टला शेकडो डॉलर’ सांगणारे व्हिडिओ बघून अनेक जण येतात. त्यांच्या तारखा तपासा. हाईव्हचा पूर्वज स्टीम २०१६ साली सुरू झाला आणि जानेवारी २०१८ मध्ये त्या नाण्याचा भाव ७ डॉलरच्या वर गेला होता. ते वर्ष संपता संपता तो अर्ध्या डॉलरच्याही खाली आला, आणि स्टीममागच्या स्टीमिट कंपनीने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ७० टक्क्यांहून जास्त कर्मचारी कमी केले. २०२० च्या फेब्रुवारीत कंपनी ‘ट्रॉन’ या दुसऱ्या क्रिप्टो साखळीच्या संस्थापकाकडे, जस्टिन सनकडे, गेली, आणि २० मार्च २०२० रोजी नाराज मंडळींनी साखळी दुभंगून हाईव्ह वेगळी काढली. आज स्टीम आणि हाईव्ह दिसायला जुळ्या बहिणी, पण पाकिटं, नाणी, नियम वेगळे. स्टीमचे सल्ले हाईव्हवर वापरू नका. उदाहरणार्थ, अडकलेली पॉवर सोडवायला हाईव्हवर १३ आठवडे लागतात, दर आठवड्याला एक हप्ता. स्टीमवर आता ४ आठवडे. तसंच ‘पोस्ट पडल्यावर पाच मिनिटांनी व्होट द्या, जास्त मिळतं’ हा जुना मंत्रही शिळा झाला. २०२१ च्या मध्यापासून पहिल्या २४ तासांतला कुठलाही व्होट सारखाच धरला जातो, त्यानंतर त्याची क्युरेशनची कमाई उतरते. अमेरिकेची दुपार गाठायला रात्री जागून पोस्ट टाकायचं कारण त्यामुळे उरलेलं नाही. सकाळची लोकल पकडायच्या आधी टाकलीत तरी चालेल.

रिसोर्स क्रेडिटचा त्रास मात्र खरा आहे, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच हात टेकतात. हाईव्हवर व्यवहाराला फी नाही, त्याऐवजी प्रत्येक कृती तुमच्या क्रेडिटमधून वजा होते. क्रेडिट तुमच्या हाईव्ह पॉवरच्या प्रमाणात असतात आणि रोज २० टक्क्यांनी भरतात, म्हणजे रिकामी टाकी पूर्ण भरायला पाच दिवस. सोसायटीतल्या पाण्याच्या टाकीसारखं समजा: टाकी लहान असेल तर दुपारीच नळ कोरडे. व्होट स्वस्त पडतो, कमेंट महाग, लांब पोस्ट त्याहून महाग. आणि कुणीच सांगत नाही ती गोष्ट: प्रत्येक एडिट हा नवा व्यवहार असतो. पोस्ट टाकल्यावर वेलांटी, मग स्वल्पविराम, मग फोटोची जागा असं आठ वेळा दुरुस्त केलंत तर दिवसभराच्या कमेंटचं क्रेडिट तिथेच गेलं. लेख आधी फोनच्या नोट्समध्ये पूर्ण लिहा, प्रिव्ह्यू बघा, मग टाका. चूक दिसली तर थांबा, सगळ्या चुका गोळा करून एकदाच एडिट करा.

एवढं करूनही पुरत नसेल तर दोन मार्ग. एक, पहिल्या दोन-तीन महिन्यांची कमाई विकू नका, ‘पॉवर अप’ करा, म्हणजे हाईव्ह पॉवरमध्ये बदला. विकून येणार ते किती, दोन वडापाव. टाकी मात्र मोठी होते. दुसरा, क्रेडिट उधार मागा. २०२२ पासून आपली पॉवर न देता नुसते रिसोर्स क्रेडिट दुसऱ्याला वापरायला देता येतात. नव्या माणसाला ते देणारे जुने सदस्य बहुतेक कम्युनिटींत, म्हणजे विषयवार गटांत, भेटतात, मागायला लाजू नका. आधी भरपूर कमेंट होत होत्या आणि एका दिवशी अचानक बंद झाल्या असं झालं असेल, तर ज्या अॅपने खातं उघडून दिलं त्याने सुरुवातीची उसनी पॉवर काढून घेतलेली असते. वॉलेटमध्ये ‘डेलिगेशन’च्या, म्हणजे उसन्या पॉवरच्या, ओळीत ते दिसेल.

व्होटचं इंधन वेगळं, ते क्रेडिटमध्ये मिसळू नका. पूर्ण १०० टक्क्यांचा एक व्होट तुमच्या व्होटिंग पॉवरचे २ टक्के खातो आणि तीही रोज २० टक्क्यांनी भरते. म्हणजे दिवसाला दहा पूर्ण व्होट. नवखे दिसेल त्याला व्होट देत सुटतात आणि पॉवर २० टक्क्यांवर आणून ठेवतात, मग प्रत्येक व्होट पाचव्या हिश्शाचा. त्यापेक्षा पाच-सहा द्या, पण वाचून.

आता मोदकांकडे. डाउनव्होट कुणी दिला ते लपलेलं नसतं, व्होटच्या यादीत नाव असतं. प्रत्येकाला आपल्या व्होटिंग पॉवरच्या चौथ्या हिश्शाइतकी डाउनव्होटची वेगळी टाकी फुकट मिळते, त्यामुळे तिच्यातून डाउनव्होट देणाऱ्याला काही किंमत मोजावी लागत नाही. कारण बहुतेक वेळा पुढच्यांपैकी एक असतं. फोटो गूगलवरून घेतलेला. कृतीचा मजकूर एखाद्या पाककृतींच्या साइटशी तंतोतंत जुळणारा. तोच लेख तुम्ही आधी इन्स्टाग्रामवर किंवा तुमच्याच ब्लॉगवर टाकलेला, पण ते सांगितलेलं नाही. इंग्रजी भाग मशीनकडून भाषांतरित, आणि वाचणाऱ्याला तो एआयने लिहिल्यासारखा वाटला. किंवा शुद्ध गंमत: एखाद्या दोन मोठ्या खात्यांच्या भांडणात तुमच्या पोस्टला व्होट देणाऱ्यावरचा राग तुमच्यावर निघाला.

तिसरं कारण असेल तर उपाय सोपा आहे. जुन्या ठिकाणी, म्हणजे इन्स्टाग्रामच्या बायोमध्ये, तुमचं हाईव्हचं खातेनाव लिहा आणि हाईव्हच्या पोस्टमध्ये मूळ दुवा द्या. दोन्ही खाती एकाच माणसाची आहेत हे सिद्ध झालं की चोरीचा संशय मिटतो. मजकूरचोरी आणि गैरवापर शोधणाऱ्या हाईव्हवॉचर्ससारख्या खात्याने खूण केली असेल तर त्यांच्या कमेंटमध्येच अपील कुठे करायचं ते दिलेलं असतं. तिथे दोन ओळींत पुरावा द्या, चार पानी कैफियत नको. कारणच सापडत नसेल तर गप्प बसा. डाउनव्होट देणाऱ्याला उलटून डाउनव्होट मारणं हा सगळ्यात महाग पडणारा मूर्खपणा. तुमच्या २० पॉवरने त्याला मुंगीही चावत नाही, त्याच्या २०,००० ने मात्र तुमच्या पुढच्या महिनाभराच्या पोस्ट झोपतात. रेप्युटेशन, म्हणजे खात्याची पत दाखवणारा आकडा, नव्या खात्याला २५ पासून सुरू होतं. ते फार खाली गेलं की बहुतेक साइटवर तुमच्या पोस्ट झाकल्या जातात. पुसल्या मात्र जात नाहीत, कारण साखळीवरून काहीच पुसलं जात नाही. एडिट केलेला जुना मजकूरही कुणाला बघायचा तर दिसतो. घराचा पत्ता, मुलांच्या शाळेचं नाव असलेला फोटो टाकताना हे ध्यानात असू द्या.

आणि मोदकांची पोस्ट पुन्हा लिहा. अगदी गंभीरपणे सांगतो, कारण पुढचा सल्ला यातूनच समजेल. तुमचा वजनदार वाचक बहुधा व्हेनेझुएलात, नायजेरियात किंवा जर्मनीत बसलेला आहे. त्याला ‘बाप्पाचा आवडता नैवेद्य’ हे वाक्य काही देत नाही. त्याला असं सांगा: एक वाटी आंबेमोहोराच्या पिठीला एक वाटी पाणी, पाण्यात चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप, उकळी आली की पिठी घालून ढवळून झाकण, मंद आचेवर दोन मिनिटं वाफ. मग उकड गरम असतानाच तेल-पाण्याचा हात लावून मळायची. मोदक का फुटतो? उकड कोरडी राहिली, मळणं कमी पडलं किंवा पारी कडेला जाड आणि तळाशी पातळ झाली. कळ्या पाडताना चिरा का जातात? पीठ झाकलेलं नव्हतं, वर सुकलं. सारणाला दोन वाट्या खोवलेल्या नारळाला एक वाटी गूळ, आणि तो फार शिजवला तर थंड झाल्यावर दगड होतो. हळदीचं पान मिळालं नाही तर केळीचं. मोदकपात्र नसेल तर कुकरच्या भांड्यात चाळणी ठेवून शिट्टी काढून दहा-बारा मिनिटं. एका फसलेल्या मोदकाचा फोटोही टाका. जिथे मजकूर जगात इतरत्र सापडत नाही, तिथे क्युरेटर थांबतो. ‘फूडीज बी हाईव्ह’सारख्या खाद्यपदार्थांच्या कम्युनिटीत अशीच पोस्ट चालते.

मुंबईच्या माणसाकडे या बाबतीत खजिना आहे आणि तो चौपाटीच्या सूर्यास्ताचे फोटो टाकत बसतो. पहाटे दादरच्या फुलबाजारात झेंडूचा भाव दसऱ्याच्या आदल्या दिवशी कसा चढतो, ससून डॉकवर मासळीचा लिलाव कसा बोलला जातो, जुन्या चाळींत कॉमन गॅलरीचं राजकारण काय असतं, भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की हिंदमाता का तुंबतं, हे समजावून सांगणारा माणूस तिथे क्वचित भेटतो. ससून डॉक १८७५ साली सुरू झाला हे एका ओळीत सांगा, मग बाकीची पोस्ट आज सकाळी तुम्ही बघितलेल्या गोष्टींची. ‘वर्ल्डमॅपिन’वर प्रवासाच्या पोस्ट जगाच्या नकाशावर टाचता येतात; मुंबईचे असे तपशीलवार लेख तिथे उठून दिसतील.

भाषेचं म्हणाल तर मराठी सोडू नका, पण क्रम आणि प्रमाण बदला. मराठीत वजनदार व्होट देणारे जवळजवळ नाहीत, ही वस्तुस्थिती. इंग्रजी सारांश तळाशी असेल तर वाचक तिथवर पोचतच नाही. वर सात-आठ वाक्यं इंग्रजीत, तुमची स्वतःची, मोडकीतोडकी चालतील, पण भाषांतर यंत्राची नकोत. मग मराठी लेख. प्रत्येक फोटोखाली दोन्ही भाषांत एकेक ओळ. काही कम्युनिटींचा नियम असतो की पोस्टची मुख्य भाषा इंग्रजीच हवी, तो पाटीवर लिहिलेला असतो, आधी वाचा.

आठवड्याला तीन पोस्ट हा तुमचा वेग जास्त आहे. दोन करा आणि वाचलेला वेळ कमेंटना द्या. रोज अर्धा तास पुरे. देवमाशांच्या, म्हणजे लाखो पॉवरवाल्यांच्या पोस्टखाली आधीच शंभर ‘नाईस पोस्ट’ असतात, तिथे तुमची कमेंट कुणी वाचत नाही. काही शे ते काही हजार पॉवर असलेले, स्वतः लिहिणारे आणि कमेंटना उत्तर देणारे असे पंधरा जण शोधा. त्यांच्या पोस्टमधल्या एका विशिष्ट गोष्टीवर तीन-चार वाक्यं लिहा. टाकी लहान आहे तोवर दिवसाला चार कमेंट, पण अशा. कमेंटलाही व्होट पडतो आणि तिचे स्वतःचे सात दिवस असतात.  ‘फॉलो कर, मी पण करते’ आणि ‘व्होटला व्होट’ हे दोन्ही टाळा. अशी टोळकी डाउनव्होटवाल्यांच्या नजरेत लगेच भरतात.

ओळख करून देणारी पोस्ट टाकली नसेल तर अजूनही टाका. कागदावर हाताने खातेनाव आणि तारीख लिहून तो धरलेला फोटो द्यायची तिथे रीत आहे.

दिराला एवढं सांगा की बोगस काही असेल तर ते पाकिटात नाण्यांबरोबर येणाऱ्या मेमोंमध्ये, म्हणजे छोट्या निरोपांत, आहे. ०.००१ हाईव्ह पाठवून ‘तुम्हाला बक्षीस लागलं, इथे लॉगिन करा’ अशी लिंक येते. तिथे मास्टर पासवर्ड टाकला की खातं गेलं. हाईव्हवर कामागणिक वेगळी किल्ली, म्हणजे वेगळा पासवर्ड असतो. रोजच्या कामाला फक्त पोस्टिंग किल्ली वापरा, ती चोरीला गेली तरी पैसे हलवता येत नाहीत. पैशांसाठी अॅक्टिव्ह किल्ली, तीही हाईव्ह कीचेनसारख्या एक्स्टेंशनमध्ये. मास्टर पासवर्ड आणि ओनर किल्ली कागदावर, कपाटात. ‘फरगॉट पासवर्ड’ इथे नाही. ओनर किल्ली चोरून कुणी बदलली तर रिकव्हरी खात्यामार्फत ३० दिवसांच्या आत परत मिळवता येते, म्हणून तुमचं रिकव्हरी खातं कोणतं आहे ते पाहून ठेवा. हरवली असेल तर मात्र कुणीही देऊ शकत नाही. पॉवरला असलेल्या १३ आठवड्यांच्या ज्या कुलपाला तुम्ही वैतागाल, ते चोरालाही लागू असतं.

स्वतःचे पैसे घालून हाईव्ह विकत घ्यायला तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच. तीन महिने तरी नाही. नाण्याचा भाव निम्मा झाला तर पॉवर तेरा आठवडे अडकलेली असते, आणि बघत बसण्याखेरीज हातात काही नसतं.

पुढेमागे रक्कम काढण्याइतकी साठली तर एचबीडी आतल्याच बाजारात हाईव्हमध्ये बदलते, लगेच. ‘कन्व्हर्ट’चा पर्याय घेतलात तर साडेतीन दिवस. मग एक्स्चेंज, म्हणजे नाणी विकायचा ऑनलाइन बाजार. तिथे पत्त्याबरोबर मेमो मिळतो, तो न टाकता पाठवलेली नाणी एक्स्चेंजच्या सामाईक खात्यात हरवतात. स्टीमच्या पत्त्यावर हाईव्ह पाठवू नका. आधी १ हाईव्ह पाठवून पोचला की बाकीचे. टेलिग्रामवर भेटलेल्या माणसाला विकून जीपेवर पैसे घेणं टाळाच: ते पैसे कुणाच्या फसवणुकीचे निघाले तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते, आणि ते सोडवायला महिने जातात. स्वतःचीच फसवणूक झाली तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन.

कराचं: १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीतल्या नफ्यावर ३० टक्के कर आणि वर सेस लागतो, एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातून वजा होत नाही, आणि १ जुलै २०२२ पासून ठरावीक मर्यादेनंतर विक्रीवर १ टक्का टीडीएस कापला जातो. बक्षीस म्हणून मिळालेलं नाणं मिळाल्या दिवशी उत्पन्न धरायचं का, किती किमतीला, हे तुमच्या सीएला विचारा. त्याच्याकडे रिकाम्या हाती जाऊ नका. एक्सेलमध्ये चार रकाने आजच पाडा: क्लेम केल्याची तारीख, किती एचबीडी, किती हाईव्ह पॉवर, त्या दिवशीचा रुपयातला भाव. दीड महिन्याचा क्लेम पडून असेल तर पहिली ओळ त्याचीच.